वाचकांचे प्रश्न : जेम्स अर्ल जोन्स

गेल्या अंकात अमेरिकी नट जेम्स अर्ल जोन्स (१९३१–२०२४) यांच्यावरचा लेख प्रसिद्ध झाल्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांनी त्यांच्या आवाजाबद्दल विचारलं आहे. ज्या माणसाने साठ वर्षं रंगमंचावर काढली, त्याच्या नाटकांबद्दल मात्र थोड्याच जणांनी विचारलं, म्हणून त्या पत्रांना आम्ही मुद्दाम जास्त जागा दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जोन्स लहानपणी आठ वर्षं बोलतच नव्हते आणि एका कवितेने त्यांचा तोतरेपणा गेला, असं वाचलं. असं खरंच होतं का? माझा मुलगाही बोलताना अडखळतो, म्हणून विचारते आहे.

उत्तर : ते बोलत नव्हते, हे जवळजवळ खरं आहे. तोतरेपणा गेला, हे मात्र खरं नाही.

जोन्स यांचा जन्म १७ जानेवारी १९३१ चा, मिसिसिपी राज्यातल्या आर्काबटला या लहानशा वस्तीतला. वडील रॉबर्ट अर्ल जोन्स घर सोडून गेले होते, त्यामुळे आईच्या आईवडिलांनी मुलाला वाढवलं. तो पाच वर्षांचा असताना हे आजी-आजोबा उत्तरेला मिशिगन राज्यात शेतीवर राहायला गेले. या स्थलांतराच्या सुमारास अडखळणं सुरू झालं आणि ते इतकं वाढलं की मुलाने शाळेत तोंड उघडणंच सोडलं. तो शेतावरच्या जनावरांशी बोलायचा, घरच्यांशी जेवढ्यास तेवढं, आणि शाळेत उत्तरं लिहून द्यायचा. हे सुमारे आठ वर्षं चाललं.

ब्रेदरन इथल्या हायस्कूलात डोनाल्ड क्राउच नावाचे इंग्रजीचे शिक्षक होते. हा मुलगा गुपचूप कविता लिहितो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याने ग्रेपफ्रूट या फळावर एक कविता लिहिली होती. तिची चाल कवी लाँगफेलो यांच्या 'हायावाथा'वरून घेतलेली होती. क्राउच म्हणाले, ही इतकी चांगली आहे की तू कुठून तरी उतरवली असावीस. तुझीच असेल तर पाठ म्हणून दाखव. मुलगा वर्गापुढे उभा राहिला आणि एकदाही न अडखळता सगळी कविता म्हणून गेला.

यात चमत्कार नाही, आणि तुमच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. हायावाथाच्या ओळीत आठ अवयव (उच्चाराचे तुकडे) असतात, एक ठासून आणि एक हलका अशा चार जोड्या. आपल्या अष्टाक्षरीशी हे बऱ्यापैकी जुळतं. तोतरेपणा असलेल्या माणसाची अडचण बहुतेकदा पुढचा शब्द *सुरू* करण्यात असते. ठेका असला की तो कधी सुरू करायचा हे आधीच ठरलेलं असतं. म्हणून गाणं म्हणताना, कोणाच्या तरी सोबत एका सुरात वाचताना किंवा ठेक्यात बोलताना तोतरेपणा बराच कमी होतो. पण ठेका थांबला की अडचण पुन्हा जागेवर येते. कवितेने जोन्सना बरं केलं नाही, आपल्याला बोलता येतं हे दाखवून दिलं. क्राउच तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी त्याला रोज वाचायला लावलं, वक्तृत्व आणि वादविवादात उतरवलं.

आपण आजही तोतरे आहोत, असं जोन्स उतारवयातही स्पष्ट सांगत. रोजच्या बोलण्यात एखादा शब्द अडणार असं वाटलं की ते दुसरा शब्द घेत. नटाला ही पळवाट नसते, संहितेतला शब्द बदलता येत नाही. १९५८ मध्ये ब्रॉडवेवर त्यांना बटलरची छोटी भूमिका होती. त्या नाटकातल्या रूझवेल्टबाईंना रात्रीचं जेवण वाढल्याची वर्दी द्यायची, एवढंच महत्त्वाचं काम. एका प्रयोगात ते 'मिसेस'मधल्या 'म'वरच अडकले. समोर मेरी फिकेट ही नटी उभी होती. तिने वाक्य उचललं नाही, मदतीचा शब्द टाकला नाही, ती शांतपणे थांबून राहिली. शब्द आला आणि नाटक पुढे गेलं.

मुलाच्या बाबतीत यातून घ्यायचं ते एवढंच. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. 'सावकाश बोल', 'श्वास घे' अशा सूचना मध्येच देऊ नका. तोंडाकडे टक लावून न पाहता नेहमीसारखं त्याच्याकडे पाहत थांबा. रोज दहा मिनिटं त्याच्यासोबत एका सुरात कविता वाचा. आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा, कविता म्हणजे उपचार नव्हे.

प्रश्न : ते डॉक्टर होणार होते आणि सैन्यातही होते म्हणे. मग अभिनयाकडे कसे वळले?

उत्तर : मिशिगन विद्यापीठात त्यांनी वैद्यकीय शिक्षणाच्या पूर्वतयारीचे विषय घेतले होते. तो अभ्यास आपल्याला झेपणारा नाही हे लक्षात आल्यावर ते नाटक विभागात गेले. सोबत राखीव अधिकाऱ्यांचं सैनिकी प्रशिक्षण चालू होतं. त्यामुळे १९५३ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले, रेंजर प्रशिक्षण घेतलं आणि कोलोरॅडोच्या डोंगरात कँप हेल इथे बर्फातल्या लढाईच्या तयारीवर नेमणूक झाली. सैन्य सोडलं तेव्हा ते फर्स्ट लेफ्टनंट होते.

त्याच काळात मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावच्या रॅम्सडेल थिएटरमध्ये त्यांनी काम धरलं. सुरुवात सुतारकामापासून, म्हणजे नेपथ्याच्या चौकटी ठोकण्यापासून. नंतर नट, मग रंगमंच व्यवस्थापक. आयुष्यातला पहिला ऑथेल्लो त्यांनी १९५५ मध्ये तिथेच केला. तिथून ते न्यू यॉर्कला गेले आणि माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षण-सवलतीवर अमेरिकन थिएटर विंग या संस्थेत शिकले. पोटापाण्यासाठी इमारतींची झाडलोट आणि फरशा घासायचं काम केलं. वडिलांशी खरी ओळख झाली ती तरुणपणीच. रॉबर्ट अर्लही नट होते, आणि त्याआधी मुष्टियोद्धे. हेवीवेट जगज्जेता जो लुईसोबत त्यांनी सरावाच्या लढती केल्या होत्या. हा धागा पुढे कामी येतो.

प्रश्न : 'ब्रॉडवे' आणि 'ऑफ-ब्रॉडवे' हा फरक रस्त्याचा की दर्जाचा? आणि 'अंडरस्टडी' म्हणजे नेमकं काय?

उत्तर : दोन्हींचा नाही, हा फरक खुर्च्यांचा आहे. मॅनहॅटनमधलं ५०० किंवा अधिक आसनांचं व्यावसायिक नाट्यगृह म्हणजे ब्रॉडवे, आणि १०० ते ४९९ आसनांचं म्हणजे ऑफ-ब्रॉडवे. टोनी पारितोषिक फक्त ब्रॉडवेला मिळतं. म्हणून ऑफ-ब्रॉडवेवर कितीही मोठं काम केलं तरी टोनीच्या यादीत ते दिसत नाही. जोन्स यांचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते मात्र ऑफ-ब्रॉडवेवरच. जाँ जने यांचं 'द ब्लॅक्स' हे नाटक १९६१ मध्ये सेंट मार्क्स प्लेहाऊसमध्ये लागलं आणि त्याचे चौदाशेहून अधिक प्रयोग झाले. त्या संचात जोन्स यांच्यासोबत सिसिली टायसन, लुई गॉसेट ज्युनियर, रॉस्को ली ब्राउन आणि माया अँजेलो होते. कृष्णवर्णीय नटांची एक पिढीच त्या छोट्या जागेत उभी राहिली.

अंडरस्टडी म्हणजे बदली नट. त्याला बहुधा त्याच नाटकात दुसरं छोटं काम असतं, आणि मुख्य नट आजारी पडला तर तो उभा राहतो. 'स्टँडबाय' वेगळा. त्याला दुसरं काम नसतं, पण प्रयोगाच्या वेळी हाकेच्या अंतरावर राहावं लागतं. जोन्स ब्रॉडवेवर पहिल्यांदा आले ते १९५७ मध्ये 'द एगहेड' या नाटकात, लॉइड रिचर्ड्स या नटाचे बदली म्हणून. हे नाव ध्यानात ठेवा.

प्रश्न : 'द ग्रेट व्हाईट होप' हे नाटक इतकं गाजलं, पण चित्रपट पाहिला तर जोन्स यांचं काम थोडं मोठं, बटबटीत वाटलं. चूक कोणाची?

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि यात कोणाची चूक धरू नये.

नाटक आधी समजून घेऊ. हॉवर्ड सॅकलर यांनी ते जॅक जॉन्सन या मुष्टियोद्ध्यावर बेतलं, नाटकात त्याचं नाव जॅक जेफरसन. खऱ्या जॉन्सनने १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवलं आणि तो हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. गोऱ्यांना हे सहन होईना. त्याला हरवील असा गोरा, 'ग्रेट व्हाईट होप', शोधायची मोहीम सुरू झाली. निवृत्त जेम्स जेफ्रीसला परत आणलं गेलं, ४ जुलै १९१० ला रीनो इथे त्यालाही जॉन्सनने हरवलं. रिंगणात जमेना तेव्हा कायदा वापरला. गोऱ्या स्त्रीशी संबंध ठेवल्यावरून मॅन कायद्याखाली १९१३ मध्ये त्याला दोषी ठरवलं. तो परदेशात गेला, १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डकडून २६ व्या फेरीत हरला. त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती थेट २०१८ मध्ये.

नाटक डिसेंबर १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर आलं आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये ब्रॉडवेवर. दिग्दर्शक एडविन शेरिन, सोबत जेन अलेक्झांडर. साठेक नटांचा संच, ५४६ प्रयोग. जोन्स यांनी डोकं तासलं, मुष्टियोद्ध्यासारखा व्यायाम केला, शरीर तसं घडवलं. यातली खरी मेख अशी, की लढती प्रेक्षकांना जवळजवळ दिसतच नाहीत. त्या मंचाबाहेर होतात. लोकांच्या आरोळ्यांतून आणि लढतीनंतरच्या जॅककडे बघून त्या कळतात. म्हणजे ठोशांची ताकद नटाला चालण्यात, खांद्यांत, हसण्यात दाखवावी लागते, आणि तीही हजारभर आसनांच्या शेवटच्या रांगेपर्यंत. जॅक सतत हसतो. ते हसू म्हणजे चिलखत आहे, आणि शेवटाकडे त्याला तडे जातात. हे सगळं आठवड्याला आठ वेळा. १९६९ चं टोनी त्यांना आणि पुलित्झर नाटकाला मिळालं.

१९७० मध्ये मार्टिन रिट यांनी चित्रपट केला तेव्हा हेच माप कॅमेऱ्यासमोर आलं. कॅमेरा तीन फुटांवर असला की भुवई उचलली तरी ती पडद्यावर हातभर होते. शेवटच्या रांगेसाठी घडवलेलं काम, शेकडो प्रयोगांत अंगात मुरलेलं, काही महिन्यांत लहान करणं सोपं नसतं. तरीही त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. मुख्य नटाच्या गटात सिडनी पॉइटिए यांच्यानंतर नामांकन मिळालेले ते दुसरेच कृष्णवर्णीय. त्या वर्षी ते पारितोषिक जॉर्ज सी. स्कॉट यांना मिळालं आणि त्यांनी ते नाकारलं. याच स्कॉटसोबत जोन्स १९६२ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात 'मर्चंट ऑफ व्हेनिस' करत होते. ते नाटक पाहायला आलेल्या स्टॅन्ली कुब्रिक यांनी जोन्सना 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्ये बॉम्बफेक्या विमानातली भूमिका दिली, तो त्यांचा पहिला चित्रपट.

पडद्यासाठी त्यांनी काम कसं आवरलं हे बघायचं असेल तर १९८७ चा 'मेटवान' पाहा. खाणकामगारांच्या संपावरचा चित्रपट आहे. त्यात ते बहुतेक वेळ ऐकत असतात, आणि नजर त्यांच्यावरून हलत नाही.

प्रश्न : 'फेन्सेस' डेन्झेल वॉशिंग्टन यांच्या चित्रपटातून माहीत आहे. जोन्स यांचा ट्रॉय वेगळा होता का?

उत्तर : ट्रॉय मॅक्सन ही भूमिका पहिल्यांदा उभी केली ती जोन्स यांनीच, १९८५ मध्ये येल रेपर्टरी थिएटरात. नाटककार ऑगस्ट विल्सन, आणि दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स. ज्यांचे बदली नट म्हणून जोन्स अठ्ठावीस वर्षांपूर्वी विंगेत थांबायचे, तेच हे. मार्च १९८७ मध्ये नाटक ब्रॉडवेवर आलं, ५२५ प्रयोग झाले, पुलित्झर मिळालं. जोन्सना दुसरं टोनी मिळालं आणि ट्रॉयची बायको रोझ झालेल्या मेरी ॲलिस यांनाही. पुढे २०१० मध्ये याच भूमिकेसाठी वॉशिंग्टन यांना टोनी मिळालं आणि २०१६ मध्ये त्यांनी चित्रपट केला.

ट्रॉय ५३ वर्षांचा, पिट्सबर्गमधला कचरा उचलणारा. १९५७ साल. तरुणपणी तो कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये उत्तम बेसबॉल खेळायचा, पण मोठ्या लीगची दारं उघडली तोवर त्याचं वय उलटलं होतं. कचऱ्याच्या गाडीवर काळ्यांनी फक्त डबे उचलायचे आणि गोऱ्यांनी गाडी चालवायची, हे का, असा प्रश्न तो साहेबांना विचारतो. घरी मात्र तोच मुलगा कोरीची फुटबॉलची शिष्यवृत्ती मोडून टाकतो. अंगणात कुंपण अर्धवट उभं आहे आणि झाडाला दोरीने चिंध्यांचा चेंडू टांगलेला.

नटासाठी ही भूमिका कठीण का, ते पाहा. नऊ प्रवेशांपैकी शेवटचा सोडला तर ट्रॉय जवळपास सतत मंचावर. बोलणं लांबच लांब, एका गोष्टीतून दुसरी निघते. मृत्यूशी आपण तीन दिवस कुस्ती खेळलो, ही बढाई तो मारतो तेव्हा प्रेक्षक खळखळून हसले पाहिजेत. पण तो थापा मारतोय असं वाटलं तर मामला बिघडतो, कारण शेवटाकडे तोच मृत्यू त्याच्या अंगणात येतो. पहिल्या अर्ध्या तासात सगळा जोर लावला तर दुसऱ्या अंकात रोझसमोरच्या कबुलीसाठी आवाज आणि दम दोन्ही उरत नाहीत.

पहिल्या अंकात कोरी बापाला विचारतो, मी तुम्हाला कधीच का आवडलो नाही? जोन्स आणि कोर्टनी बी. व्हान्स यांच्या या प्रसंगाची त्या काळातली छोटी चित्रफीत पाहायला मिळते, ती जरूर शोधा. जोन्स सुरुवातीला ओरडत नाहीत. तुला मी आवडून घेतलं पाहिजे असा कुठला कायदा आहे, असं ते जवळजवळ कुतूहलाने विचारतात. मग एकेक प्रश्न टाकतात, खातोस ना रोज, छप्पर आहे ना डोक्यावर, आणि दर उत्तराला मुलाकडून 'येस सर' वसूल करतात. त्यांचा देह सहा फुटांहून उंच आणि तसाच रुंद. ते मुलाजवळ सरकतात तेव्हा मारतील की काय असं वाटतं, आणि ते फक्त उभे असतात. वॉशिंग्टन यांचा ट्रॉय चपळ, बोलघेवडा, सुरीसारखा. जोन्स यांचा ट्रॉय म्हणजे दारात आडवी पडलेली शिळा. ओलांडून जाता येत नाही, आणि हलवायची कोणाची हिंमत नाही. आमच्या मते हे त्यांचं सर्वांत मोठं काम, आणि चित्रपटात ते कायमचं राहिलं नाही याची हळहळ वाटते.

प्रश्न : 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ वेडर या मुखवटेधारी खलनायकाच्या आवाजाचे त्यांना फक्त सात हजार डॉलर मिळाले? नामावलीत नाव का नव्हतं? आणि तो श्वासाचा आवाज त्यांचाच का?

उत्तर : तीन प्रश्न, तीन वेगळी उत्तरं.

पैसे : हो, १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'साठी ७,००० डॉलर. काम अडीच तासांच्या आसपासचं. त्या वेळी ही रक्कम आपल्याला चांगलीच वाटली, असं जोन्स यांनी नंतर सांगितलं. चित्रपट एवढा चालेल हे कोणालाच माहीत नव्हतं.

नाव : त्यांनीच नको म्हटलं होतं. पोशाखात डेव्हिड प्राऊज हा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा वजनउचल करणारा खेळाडू होता. चित्रीकरणात संवादही तोच बोलत होता, पण दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांना आवाज अधिक गडद हवा होता. भूमिका प्राऊजची, आपण म्हणजे स्पेशल इफेक्ट्सचा एक भाग, अशी जोन्स यांची समजूत. म्हणून पहिल्या दोन चित्रपटांच्या मूळ नामावलीत ते नव्हते. १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात नाव आलं.

श्वास : तो त्यांचा नाही. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी पाण्याखाली बुड्या मारणाऱ्यांच्या श्वासयंत्रात छोटा मायक्रोफोन बसवून स्वतःचा श्वास ध्वनिमुद्रित केला, संथ, मध्यम आणि जलद अशा वेगवेगळ्या गतींत.

मुखवट्यामुळे ओठ जुळवायची कटकट नव्हती. पण प्राऊजने मान वळवली, बोट रोखलं, त्या क्षणाशी वाक्य जुळणं भाग होतं. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी जोन्सना वेडरच्या बोलण्यात मनाचे बारकावे आणायचे होते. त्यांना सांगण्यात आलं की नको, चढ-उतार अगदी अरुंद पट्ट्यातच राहू द्या, हा आता पुरता माणूस उरलेला नाही. चांगल्या नटाला हे बंधन काचतं. पण म्हणूनच, आपण तुझा बाप आहोत हे वेडर नायकाला सांगतो तेव्हा आवाज किंचित जरी हलला तरी अंगावर येतं. ते वाक्य गुप्त राहावं म्हणून चित्रीकरणात प्राऊजला वेगळंच वाक्य दिलं होतं.

२०२२ च्या 'ओबी-वॅन केनोबी' मालिकेतला वेडर मात्र संगणकाने घडवला आहे. युक्रेनमधल्या रिस्पीचर या कंपनीने जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तो आवाज तयार केला, आणि त्याला जोन्स यांची परवानगी होती. परवानगीशिवाय कोणाचाही आवाज असा वापरणं आम्हाला गैर वाटतं, म्हणून हा तपशील आवर्जून देत आहोत.

प्रश्न : 'लायन किंग'च्या दोन्ही चित्रपटांत तेच आहेत का?

उत्तर : हो. १९९४ आणि २०१९, दोन्हींत सिंहराजा मुफासाचा आवाज त्यांचाच. मूळ मुख्य संचातले परत आलेले ते एकटेच. १९९४ मध्ये राणी साराबीचा आवाज मॅज सिंक्लेअर यांचा आहे, आणि १९८८ च्या 'कमिंग टू अमेरिका'त राजा जोन्स आणि राणी याच सिंक्लेअर.

प्रश्न : मुलांच्या शिक्षणात 'जेम्स अर्ल जोन्स इफेक्ट' म्हणतात तो काय?

उत्तर : 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू होत होता तेव्हाची गोष्ट. जोन्स कॅमेऱ्याकडे रोखून पाहत इंग्रजी मुळाक्षरं म्हणतात. डोकं तासलेलं, कारण 'ग्रेट व्हाईट होप'चे प्रयोग चालू होते. अक्षर त्यांच्या बाजूला उमटतं, मग लांब विराम, मग ते अक्षर उच्चारतात. मोठ्या माणसाला हे असह्य संथ वाटतं. चाचण्यांत दिसलं की मुलं आधी त्यांच्या पाठोपाठ म्हणतात. पुन्हा दाखवलं की अक्षर दिसताच, त्यांच्या आधी म्हणतात. आणखी काही वेळा पाहिल्यावर अक्षर उमटण्याच्याही आधी. शिकणं घडतं ते त्या विरामात. घरी मुलांना अक्षरं शिकवताना हेच करून पाहा. दाखवा, मनात तीन मोजा, मगच म्हणा. तीन मोजण्याआधी तोंड उघडायचा मोह होतो, तिथेच गणित चुकतं.

प्रश्न : त्यांना ऑस्कर मिळालं होतं की नाही? दोन ठिकाणी दोन माहिती आहे.

उत्तर : स्पर्धेतलं नाही, मानाचं मिळालं, २०११ मध्ये. ते तेव्हा लंडनच्या विंडहॅम्स थिएटरात 'ड्रायव्हिंग मिस डेझी' करत होते. पारितोषिकासाठी ते प्रयोग सोडून गेले नाहीत. दुपारच्या प्रयोगानंतर त्याच मंचावर बेन किंग्जली यांनी बाहुली त्यांच्या हाती दिली. टोनी १९६९ आणि १९८७ ची, शिवाय २०१७ मध्ये कारकिर्दीसाठी. दूरचित्रवाणीसाठीची एमी १९९१ मध्ये एकाच वर्षी दोन. ध्वनिमुद्रणासाठीची ग्रॅमी १९७७ मध्ये, अमेरिकेच्या ऐतिहासिक दस्तऐवजांच्या वाचनासाठी. चारही मिळाली म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोघेही आपापल्या जागी बरोबर. मानाचं ऑस्कर धरायचं की नाही, एवढाच वाद आहे.

प्रश्न : ऐंशीच्या पुढे ते ब्रॉडवेवर काम करत होते. आठवड्याला आठ प्रयोग हे वय कसं पेलतं?

उत्तर : ब्रॉडवेचा आठवडा साधारण असा : मंगळवार ते शनिवार रोज रात्री प्रयोग, शिवाय बुधवारी आणि शनिवारी दुपारी एकेक, रविवारी दुपारी एक, सोमवारी सुट्टी. पडदा उघडण्याच्या अर्धा तास आधी नटाची हजेरी लागलीच पाहिजे. खरी परीक्षा असते ती दोन प्रयोगांच्या दिवसांची. दोन्हींच्या मध्ये दोन-तीन तास मिळतात. त्यात थोडं खायचं, आडवं व्हायचं आणि मुख्य म्हणजे गप्प राहायचं. दुपारच्या प्रयोगानंतर भेटायला आलेल्यांशी तासभर बोलणारा नट रात्री घसा बसवून घेतो.

शरीर कधी कधी ऐकत नाहीच. २००५ मध्ये 'ऑन गोल्डन पाँड' करताना जोन्सना न्यूमोनिया झाला आणि ते नाटक बंद करावं लागलं. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते, आणि मधुमेहही होताच. तरी त्यानंतर २००८ मध्ये 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ', २०१० मध्ये 'मिस डेझी', २०१२ मध्ये 'द बेस्ट मॅन', २०१४ मध्ये 'यू कान्ट टेक इट विथ यू' आणि २०१५ मध्ये 'द जिन गेम'. हे शेवटचं फक्त दोन पात्रांचं. जोन्स ८४ चे, समोर सिसिली टायसन ९० च्या. दोघं 'द ब्लॅक्स'पासूनचे साथीदार. नाटकभर पत्ते वाटायचे, उचलायचे, डाव मोजायचा आणि संवाद चालू ठेवायचे. त्यात विंगेत जाऊन दम घ्यायला फारशी जागा नाही.

प्रश्न : त्यांच्यासारखा खर्जातला आवाज सरावाने मिळवता येतो का? मी निवेदन करतो.

उत्तर : खर्ज मिळवता येत नाही. पुरुषाचा बोलण्याचा स्वर साधारण सेकंदाला ८५ ते १८० कंपनांच्या दरम्यान असतो, आणि आपण त्यात कुठे बसतो हे स्वररज्जूंची लांबी-जाडी ठरवते. घसा खाली दाबून आवाज उतरवला तर तीन गोष्टी होतात. वाक्याच्या शेवटचे शब्द खरखरत विरतात, पंधरा मिनिटांत खोकला येतो, आणि चढ-उतार संपून सगळं एकसुरी होतं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

जोन्स यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते वेगळं आणि कोणालाही जमणारं. आठ ओळींची कविता घ्या. तोंड मिटून सहज गुणगुणा, ओठांत सर्वांत जास्त कंप जाणवतो तो तुमचा सूर. तिथूनच बोला. श्वास कुठे घ्यायचा त्या जागी पेन्सिलने खूण करा, आणि खुणेखेरीज कुठेही श्वास घेऊ नका. आता फक्त शब्दांच्या शेवटच्या व्यंजनांकडे लक्ष देऊन वाचा. त्यांच्या बोलण्यातलं वजन बरंचसं तिथून येतं, प्रत्येक शब्द काठापर्यंत पुरा होतो. मग प्रत्येक ओळीतला एकच शब्द निवडा आणि त्याच्या *आधी* क्षणभर थांबा. ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐका. जोर दिलेले शब्द मोजा. आठ ओळींत आठाहून जास्त निघाले तर कमी करा.

प्रश्न : काय काय पाहावं, आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर : आधी १९८९ चा 'फील्ड ऑफ ड्रीम्स', त्यातलं बेसबॉलबद्दलचं लांब भाषण कान देऊन ऐका. मग 'मेटवान'. त्यानंतर १९७४ चा 'क्लॉडीन', डायान कॅरल यांच्यासोबत. त्यातला हसरा, प्रेमात पडलेला जोन्स फार कमी लोकांना माहीत आहे. 'द ग्रेट व्हाईट होप' यानंतर पाहिलात तर त्यातला मोठेपणा खटकणार नाही. नाटकांपैकी सेंट्रल पार्कातला १९७३ चा 'किंग लियर' दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाला होता, आणि अँजेला लान्सबरी यांच्यासोबतचा 'ड्रायव्हिंग मिस डेझी' ऑस्ट्रेलियात चित्रित झाला. न्यू यॉर्कला जाणं झालं तर लिंकन सेंटरमधल्या सार्वजनिक ग्रंथालयात नाटकांच्या ध्वनिचित्रमुद्रणांचा १९७० पासूनचा संग्रह आहे. तिथली मुद्रणं आधी वेळ ठरवून, तिथेच बसून पाहावी लागतात, घरी मिळत नाहीत. तिथून अठ्ठेचाळिसाव्या रस्त्यावर चालत जाता येतं. ज्या कॉर्ट थिएटरात ते 'मिसेस'मधल्या 'म'वर अडकले होते, त्याच्या दर्शनी फलकावर सप्टेंबर २०२२ पासून जेम्स अर्ल जोन्स थिएटर हे नाव आहे.